वचन पाठ, ग्रंथ अनोळखी

मिशनच्या शाळांत पवित्र शास्त्राचा तास ही फार जुनी वहिवाट आहे. आरंभीं प्रार्थना, मग एखादी गोष्ट आणि शेवटीं एक वचन पाठ, हा त्या तासाचा परिपाठ बहुतेकांच्या परिचयाचा असेल. लहान वयांत हा परिपाठ गोड वाटतो व उपयोगीही पडतो. परंतु मूल आठवीच्या वर्गांत येतें, प्रत्येक गोष्टीस ‘कां?’ असें विचारण्याची संवय त्यास जडते, आणि तोच परिपाठ त्यास अपुरा पडूं लागतो. ज्यास पन्नास वचनें मुखोद्गत आहेत अशा एखाद्या हुशार विद्यार्थ्यास विचारून पाहावें कीं, हें वचन ज्या पुस्तकांतील आहे तें कोणास उद्देशून लिहिलें आहे? तें इतिहास आहे, काव्य आहे कीं पत्र आहे? तो बहुधा निरुत्तर होतो. वचन पाठ आहे, परंतु ग्रंथ अनोळखी आहे. या स्थितीविषयीं चार शब्द विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावे, असें आम्हांस वाटतें.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, तेरा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींस पवित्र शास्त्र शिकवितांना त्याची रचना व त्याचा हेतु हीं आधीं शिकवावीं आणि वचन मागाहून शिकवावें. कोणतेंही वचन समोर आलें असतां विद्यार्थ्यानें तीन प्रश्न करावे. येथें कोण बोलत आहे? तो कोणाशीं बोलत आहे? आणि हें लिखाण कोणत्या प्रकारचें आहे? ही संवय शाळेनें लावून दिली, तर पुढें आयुष्यभर तो विद्यार्थी शास्त्र स्वतः वाचूं शकेल. ती लावून दिली नाहीं, तर पाठ केलेलीं वचनें त्याच्याजवळ किल्ल्यांच्या जुडग्यासारखीं पडून राहतील. कोणती किल्ली कोणत्या कुलपाची, हें मात्र त्यास ठाऊक नसेल.

‘बायबल’ हा शब्दच या बाबतींत आपणांस साह्य करतो. मूळ ग्रीक भाषेंतील ‘बिब्लिया’ हें अनेकवचन असून त्याचा अर्थ ‘पुस्तकें’ असा आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या बायबलांत अशीं ६६ पुस्तकें आहेत. जुन्या करारांत ३९ व नव्या करारांत २७. रोमन कॅथलिक बांधवांच्या जुन्या करारांत तोबीत, मक्काबी इत्यादि आणखी ७ पुस्तकें असल्यामुळें त्यांची एकूण संख्या ७३ भरते. यहूदी लोक आपल्या ३९ पुस्तकांपैकीं कित्येक एकत्र धरून तीं २४ मोजतात, व नियमशास्त्र, संदेष्टे आणि लेख असे त्यांचे तीन भाग करतात. एकाच वर्गांत दोन मुलांनीं दोन प्रकारचीं बायबलें आणलीं, म्हणजे ‘यांतील खरें कोणतें?’ असा वाद उठतो. त्या वेळीं मुलांस गप्प न बसवितां या याद्यांचा इतिहास सांगावा. नव्या करारांतील आजच्या २७ पुस्तकांची यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या इ. स. ३६७ च्या पत्रांत आढळते. म्हणजे तोंपर्यंत कित्येक पिढ्या मंडळ्या हीं पुस्तकें वाचीत, पारखीत व एकमेकींस पाठवीत होत्या. हा इतिहास ऐकून मुलाची श्रद्धा ढळत नाहीं. उलट ग्रंथाविषयींचा त्याचा आदर वाढतो.

समजा, आपल्या आजोबांच्या कपाटांत एक बखर आहे, तुकोबांच्या अभंगांची गाथा आहे, जमिनीची एक सनद आहे, सुभाषितांचा संग्रह आहे आणि जुन्या पत्रांचा एक गठ्ठा आहे. हें सर्व एकाच कापडांत बांधून कोणीं आपल्या हातीं दिलें, तर आपण तें सारखें वाचूं काय? सनदेंत आपण शेताची हद्द शोधूं. अभंगांत ती शोधणार नाहीं. पत्र उघडतांच तें कोणीं कोणास धाडलें हें पाहूं. पोवाड्यांतील रणांगण गुंठ्यांनीं मोजूं गेल्यास हंसें होईल, आणि सनदेस चाल लावून गाऊं गेल्यासही होईल. बायबलाची गोष्ट अशीच आहे. शेंकडों वर्षांच्या अवधींत, हिब्रू, अरामी व ग्रीक या तीन भाषांत, निरनिराळ्या प्रकारच्या लेखकांनीं लिहिलेला तो संग्रह आहे. जुन्या करारांत नियमशास्त्राचीं ५, इतिहासाचीं १२, काव्य व ज्ञान यांचीं ५ आणि संदेष्ट्यांचीं १७ पुस्तकें आहेत. नव्या करारांत ४ शुभवर्तमानें, प्रेषितांच्या कृत्यांचें १ पुस्तक, २१ पत्रें आणि शेवटीं प्रकटीकरण आहे. हा नकाशा एकदां फळ्यावर काढून दाखविण्यास अर्धा तास पुरतो.

हीं पुस्तकें कालक्रमानें लावलेलीं नाहींत, हेंही त्याच वेळीं सांगावें. आमोस हा संदेष्टा इ. स. पूर्वीं आठव्या शतकांत बोलला, तरी त्याचें लहानसें पुस्तक यिर्मयाच्या व यहेज्केलाच्या मोठ्या पुस्तकांमागून येतें. पौलाच्या नांवें असलेलीं १३ पत्रें आधीं मंडळ्यांस व मग व्यक्तींस लिहिलेलीं, आणि त्यांतही बहुतांशीं मोठ्याकडून लहानाकडे, अशीं रचलेलीं आहेत. म्हणून रोमकरांस लिहिलेलें पत्र प्रथम येतें. त्याच्या आधीं, इ. स. ५० च्या सुमारास, लिहिलेलें थेस्सलनीकाकरांस पहिलें पत्र मात्र बरेंच पुढें सांपडतें. हें ठाऊक नसलेला उत्साही विद्यार्थी नववर्षाच्या दिवशीं उत्पत्तीपासून वाचावयास आरंभ करतो, निर्गमाच्या पूर्वार्धापर्यंत वेगानें धांवतो आणि लेवीय पुस्तकांतील यज्ञविधींशीं येऊन थबकतो. दोष त्याच्या भक्तीचा नसतो. रस्ता दाखविल्यावांचून त्यास प्रवासास धाडलेलें असतें.

अध्याय व वचनें यांचे आंकडेही मूळ लेखकांचे नव्हेत. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभीं स्टीफन लँग्टन यानें केली, असें मानतात. आणि नव्या करारांतील वचनांचे आजचे आंकडे रॉबर्ट एस्तिएन या मुद्रकानें इ. स. १५५१ मध्यें घातले. इ. स. १९४७ मध्यें मृतसमुद्राजवळील गुहांत जीं जुनीं हस्तलिखितें सांपडूं लागलीं, त्यांत यशयाचें संपूर्ण पुस्तक असलेली सुमारें ७.३ मीटर लांबीची एक चामड्याची गुंडाळी आहे. तिच्यांत हे आंकडे नाहींत. आंकडे हे मैलाचे दगड होत. वाटसरूस ते फार सोयीचे असतात, परंतु कोणी दगड मोजण्यासाठीं प्रवास करीत नाहीं.

आतां हेतूकडे वळूं. ‘जुना करार’ व ‘नवा करार’ हीं नांवें मुलें रोज उच्चारतात. परंतु ‘करार’ म्हटला कीं त्यांच्या डोळ्यांपुढें घरभाड्याचा कागद येतो. येथें करार म्हणजे देवानें मनुष्यांशीं बांधलेलें नातें. सीनाय पर्वतापाशीं इस्राएल लोकांशीं झालेला करार हा पहिल्या भागाचा कणा आहे. तो मोडल्यावर, इ. स. पूर्वीं सहाव्या शतकाच्या सुमारास, अंतःकरणावर लिहिल्या जाणाऱ्या नव्या कराराचें अभिवचन यिर्मयाच्या ३१ व्या अध्यायांत येतें. आणि येशूनें आपल्या शेवटच्या भोजनाच्या वेळीं प्याला हातीं घेऊन तोच शब्द उच्चारला, असें लूक सांगतो. म्हणजे सर्व संग्रहाचा सांगाडा त्याच्या नांवांतच आहे. नातें जोडलें गेलें, मोडलें आणि पुन्हां जोडलें गेलें, हें त्याचें कथासूत्र होय. कायदे, राजांच्या हकीकती, स्तोत्रें, संदेष्ट्यांची कानउघाडणी व प्रेषितांचीं पत्रें हीं सर्व या सूत्रांत ओंवलेलीं आहेत.

निरनिराळे लेखकही आपला हेतु लपवून ठेवीत नाहींत. आपण सर्व गोष्टींचा शोध करून त्या व्यवस्थित लिहीत आहों, असें लूक आरंभींच नमूद करतो. येशूनें केलेलें सर्व कांहीं आपण लिहिलेलें नाहीं, वाचकांनीं विश्वास धरावा व त्यांस जीवन मिळावें म्हणून जें लिहिलें तेवढें लिहिलें, असें योहान आपल्या विसाव्या अध्यायाच्या शेवटीं सांगतो. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत शास्त्राचा उपयोग तारणाचें ज्ञान, शिक्षण, दोष दाखविणें व सुधारणूक यांसाठीं असल्याचें म्हटलें आहे. भूगोलाचें, ज्योतिषाचें वा औषधाचें पुस्तक आपण लिहीत आहों, असें यांपैकीं कोणीही म्हणत नाहीं.

संदेष्ट्यांस जुन्या मराठी भाषांतरांत ‘भविष्यवादी’ म्हणत. त्या शब्दामुळें अनेक मुलांची समजूत अशी झालेली असते कीं, हे कोणी पुढचें सांगणारे जोशी होते. आमोस उघडून वाचावा. खोटीं मापें वापरणाऱ्या व गरिबांस नाडणाऱ्या आपल्याच काळच्या व्यापाऱ्यांस तो भर बाजारांत ओढून उभें करतो. हें एकदां समजलें कीं, पंधरा वर्षांच्या मुलास तो जुना मेंढपाळ आपल्या गांवच्या बाजारांतही ओळखूं येतो.

हा सर्व खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. वचन तोडून घेतल्यानें प्रत्यक्ष इजा होते, म्हणून. ईयोबाचें पुस्तक घ्या. त्यांत ४२ अध्याय आहेत. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचें सांत्वन करावयास अलीफज, बिल्दद व सोफर हे तीन मित्र येतात आणि दुःख हें पापाचेंच फळ होय, असें मोठ्या सुंदर भाषेंत त्यास ऐकवितात. शेवटच्या अध्यायांत देव त्या मित्रांवर रागावतो व तुम्ही माझ्याविषयीं यथार्थ बोललां नाहीं असें त्यांस बजावतो. आतां त्या मित्रांच्या भाषणांतील एखादें वचन कोणीं निवडून पाठ केलें, आणि ज्या घरांत लेंकरूं दगावलें आहे तेथें जाऊन ‘शास्त्रांत असें लिहिलें आहे’ म्हणून ऐकविलें, तर काय होईल? देवानें ज्या बोलण्याचा निषेध केला तेंच देवाचें म्हणून शोकाकुल आईच्या पदरांत पडेल. अक्षर न् अक्षर शास्त्रांतील असेल, आणि तरीही तें शास्त्राच्या विरुद्ध असेल. येथें कोण बोलत आहे, हा एकच प्रश्न विचारला असता तर हा आघात टळला असता.

येशूच्या परीक्षेच्या कथेंतही हाच धडा आहे. त्यास मंदिराच्या शिखरावरून उडी टाकावयास सांगतांना सैतान स्तोत्रसंहितेंतील वचनाचाच आधार घेतो. येशूचीं तीनही उत्तरें अनुवादाच्या पुस्तकांतील आहेत. रानांत भटकलेल्या लोकांस जें सांगितलें होतें तें तो रानांतच, योग्य प्रसंगीं, स्मरतो. चौकस विद्यार्थी येथें आणखी एक गोष्ट पाहील. मत्तय शेवटची परीक्षा पर्वतावरची देतो, तर लूक मंदिरावरची देतो. ‘मग कोणाचें चुकलें?’ असें विचारणाऱ्या मुलास रागें भरूं नये. लूकाचें शुभवर्तमान मंदिरांत आरंभतें व मंदिरांतच संपतें, हें त्यास दाखवावें. चौघांनीं एकाच जीवनाकडे चार बाजूंनीं पाहिलें आणि प्रत्येकानें आपल्या हेतूस अनुसरून मांडणी केली, हें त्यास आपोआप कळूं लागेल.

सर्वांत अधिक तंटा उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायावरून होतो. विज्ञानाच्या तासाला पृथ्वीचें वय सुमारें साडेचार अब्ज वर्षें असल्याचें मूल शिकतें, आणि पुढच्या तासाला सहा दिवसांची गोष्ट ऐकतें. त्यास दोहोंपैकीं एक निवडावयास लावणें हा अन्याय आहे. त्यास त्या अध्यायाची रचना दाखवावी. पहिल्या दिवशीं प्रकाश, तर चौथ्या दिवशीं सूर्यचंद्र. दुसऱ्या दिवशीं आकाश व जलें, तर पांचव्या दिवशीं पक्षी व मासे. तिसऱ्या दिवशीं कोरडी भूमि, तर सहाव्या दिवशीं पशु व मनुष्य. तीन दिवस घर बांधलें, तीन दिवस तें भरलें, आणि प्रत्येक दिवशीं तेंच पालुपद घोळविलें. अशी बांधणी प्रयोगवहीची नसते, उपासनेची असते. हिप्पोचा बिशप ऑगस्टिन यानें पांचव्या शतकाच्या आरंभींच, हे दिवस आपल्या नेहमींच्या दिवसांसारखे मानावयास नकोत असें लिहून ठेविलें आहे. त्या वेळीं त्यास भिवविणारें भूगर्भशास्त्र नव्हतें. इ. स. पूर्वीं ४००४ हें सृष्टीचें साल आर्चबिशप अशर यानें इ. स. १६५० मध्यें गणित करून काढलें, आणि तें पुढें इंग्रजी बायबलांच्या समासांत छापलें गेलें. तें समासांत होतें, मूळ लेखांत नव्हतें, हा भेद चौदा वर्षांच्या मुलास सहज समजतो.

या मतावर आक्षेप येतील, हें आम्ही जाणून आहों. कांहीं वडीलधारी मंडळी म्हणतील कीं, पाठांतरानेंच आम्हांस संकटांत धीर दिला. तें अगदीं खरें आहे. रुग्णशय्येवर पडलेल्यास पुस्तक उचलवत नाहीं, तेव्हां पाठ असलेलें स्तोत्रच कामीं येतें. पाठांतर बंद करावें असें आम्ही म्हणत नाहीं. वचनाबरोबर त्याचें घरही पाठ करावें, एवढेंच आमचें मागणें आहे. दुसरे कोणी म्हणतील कीं, अशा चौकशीनें कोंवळी श्रद्धा डळमळेल. आमचा अनुभव असा कीं, हे प्रश्न मुलांपुढें आज ना उद्यां येतातच. शाळेंत प्रेमळ शिक्षकाच्या देखत न आले, तर महाविद्यालयाच्या वसतिगृहांत थट्टेखोर सोबत्याच्या तोंडून येतात. आणि ‘हें आम्हांपासून लपविलें होतें’ असें वाटलेल्या मुलाची श्रद्धा पुन्हां उभी करणें फार कठीण जातें.

तिसरा आक्षेप हिंदु, मुसलमान, बौद्ध, जैन अशा घरांतील पालकांचा असूं शकेल, आणि त्याचा आम्ही पूर्ण मान राखतों. भारतीय राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदानें, शासनमान्य वा अनुदान घेणाऱ्या शाळेंतील धार्मिक शिक्षणास अज्ञान विद्यार्थ्याच्या पालकाची संमति आवश्यक ठरविली आहे. ती नीट घ्यावी, आणि न मिळाल्यास त्या मुलास ग्रंथालयांत सन्मानानें बसवावें. मात्र ज्या पद्धतीची आम्ही शिफारस करतों, ती अशा पालकांसही अधिक निर्भय वाटावी. या तासाला मुलाच्या विश्वासाची परीक्षा होत नाहीं. त्याच्या वाचनाची होते. जो मुलगा स्तोत्र व इतिहास यांतील भेद ओळखण्यास शिकला, तो आपल्या घरचे ग्रंथही अधिक आदरानें व अधिक समजून वाचील.

मराठी बायबलाचा इतिहासही याच गोष्टीची साक्ष देतो. विल्यम केरी यांच्या श्रीरामपूर येथील छापखान्यांतून मत्तयाचें शुभवर्तमान मराठींत इ. स. १८०५ मध्यें निघालें. पुढें पंडिता रमाबाईंनीं केडगांवीं, उतारवयांत, हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल सोप्या मराठींत आणण्याचें काम हातीं घेतलें. १९२२ सालीं त्यांचें निधन झालें. ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. लहानपणींच हजारों संस्कृत श्लोक मुखोद्गत केलेल्या या विदुषीस पाठांतराची किंमत कोणीं सांगावयास नको होती. तरीही साध्या बायाबापड्यांस ग्रंथ समजावा म्हणून त्यांनीं इतकीं वर्षें वेंचलीं. समजणें ही भक्तीची शत्रु नव्हे, तिची थोरली बहीण आहे.

वेळ कोठून आणावा, हा प्रश्न राहतो. आमची सूचना अगदीं साधी आहे. आठवींत संग्रहाचा नकाशा व कराराचें सूत्र शिकवावें. नववींत एक संदेष्टा व निवडक स्तोत्रें घ्यावीं; स्तुतीचीं, पश्चात्तापाचीं आणि रडण्याचींही. दहावींत परीक्षेचें ओझें असतें, म्हणून एकच शुभवर्तमान सलग वाचावें. मार्काचें शुभवर्तमान १६ अध्यायांचें आहे. मोठ्यानें वाचलें तरी दीड-दोन तासांत पुरें होतें. तुकड्यातुकड्यांनीं दहा वर्षें ऐकलेली कथा एका बैठकींत ऐकली म्हणजे मुलें कशीं स्तब्ध होतात, हें ज्यानें पाहिलें तो या पद्धतीस कधीं सोडणार नाहीं.

पालकहो, येत्या सुटींत एक लहानसा प्रयोग आपल्या घरींच करून पाहावा. फिलेमोनाला लिहिलेलें पत्र काढावें. त्यांत अवघीं २५ वचनें आहेत. पांच मिनिटांचें काम आहे. तुरुंगांत असलेला पौल, अनेसिम नांवाच्या एका दासास त्याच्या धन्याकडे परत पाठवीत आहे, आणि त्यास दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधु म्हणून घरांत घ्यावें अशी विनवणी करीत आहे. मुलानें तें मोठ्यानें वाचावें. मग त्यास विचारावें : कोण बोलत आहे? कोणाशीं? हें कोणत्या प्रकारचें लिखाण आहे? आणि शेवटीं एक चौथा प्रश्न विचारावा, जो आम्हीं मुद्दाम आतांपर्यंत राखून ठेविला : फिलेमोनानें पुढें काय केलें असेल, आणि त्याच्या जागीं तूं असतास तर काय केलें असतेंस?

पत्र त्याचें उत्तर देत नाहीं. तें वाचणाऱ्यानें द्यावयाचें असतें.